मार्कांचं सोवळं

दहापैकी ६.४. ही माझी किंमत. बॅचलर ऑफ कॉमर्स, अकाउंटिंग अँड फायनान्स, मुंबई, २०१९. सहा सेमिस्टर, एक केटी. सगळे मार्क बेरजेला घेतले तर ५७ टक्के. कागद घडीवर फाटला म्हणून आईनं मागनं चिकटपट्टी लावलीय.

हा कागद घेऊन मी एका गुळगुळीत ऑफिसात गेलो होतो. परदेशी शिक्षणाचा सल्ला फुकट, अशी बाहेर पाटी. आत एसी असा की अंगावरचा घाम वाळून मीठ झालं. समोरची बाई वाईट बोलली नाही, तेच जास्त लागलं. तिनं मार्कशीट दोन बोटांत धरली, उलटून चिकटपट्टी बघितली आणि म्हणाली, "सर, मास्टर्स इन फायनान्ससाठी प्रोफाइल थोडं वीक आहे. मॅनेजमेंटचा एखादा सॉफ्ट कोर्स बघा ना." मग ड्रॉवरमधनं दोन रंगीत पुस्तकं काढून पुढं सरकवली. दोन्ही विद्यापीठांची नावं मी बापजन्मात ऐकली नव्हती. फी मात्र अशी की आमची अख्खी चाळ गहाण टाकली तरी पहिल्या हप्त्यालाच संपेल.

पुढं कळलं, फुकटचा सल्ला फुकट नसतो. पोरगा पाठवला की विद्यापीठ एजंटाला कमिशन देतं. जिथं कमिशन जाड, तिथं तुझं प्रोफाइल फिट.

पण मला ती दोन बोटं विसरता येत नाहीत. दोस्तहो, ही धरण्याची तऱ्हा आपल्या घरात माहितीची आहे. आपल्या आज्याच्या ओंजळीत वरनं पाणी ओतायचे तेव्हा तांब्या असाच धरायचे. आता तांब्या गेला, मार्कशीट आली. सोवळं तेच.

त्या ६.४ चा हिशेब देतो. फायनान्सवाला आहे, हिशेब देणं माझं कामच आहे.

दुसऱ्या वर्षाला बापाचं कंत्राट संपलं. कंत्राटी ड्रायव्हरचं कंत्राट संपतं म्हंजे काय, तर एक दिवस गेटवर वॉचमन सांगतो, उद्यापासून नको. मी एका सीएच्या ऑफिसात चिकटलो. सकाळी सातला कॉलेज, अकराला ऑफिस, रात्री नऊला घर. साल २०१७. त्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला. देशभरातल्या दुकानदारांची झोप उडाली आणि त्यांची सगळी झोपमोड आमच्यासारख्या पोरांच्या टेबलावर येऊन पडली. रोज नवं परिपत्रक, रोज नवी तारीख. पोर्टल दिवसा चालायचं नाही, म्हणून रात्री बसायचं. माझ्याकडे चाळीस दुकानदार होते. लोखंडवाला, सुकामेवावाला, छत्रीवाला. त्यांच्या वह्या मी जुळवायचो, त्यांचा कर मी काढायचो, रिटर्न मी भरायचो. आणि त्याच सेमिस्टरला मला केटी लागली. कशात? कराच्या पेपरात.

हसू नका. हसलात तरी हरकत नाही, मीही हसलो होतो. चाळीस माणसांचा कर बरोबर काढणारा आणि कराच्या पेपरात नापास होणारा माणूस एकच होता. मार्कशीटवर त्यातला दुसराच दिसतो. पहिल्यासाठी तिथं रकानाच नाही.

आणि खरं तेही सांगतो. चौथ्या सेमिस्टरला जे मार्क गेले त्यातले निम्मे आयपीएलनं खाल्ले. ते मी बापाच्या बेकारीच्या खात्यावर टाकणार नाही, मनूच्याही नाही. आपल्या लिखाणात हा एक रोग आहे, सगळा खर्च व्यवस्थेच्या नावे टाकायचा. ऑडिटमध्ये असं चालत नाही. व्यवस्थेच्या नावावर खरोखरच एवढं निघतं की आपली उधारी त्यात मिसळायची गरज नाही.

आता दुसरी बाजू. ही बाजू आपल्याच पोरांची आहे. टपरीवर मी म्हणालो, फायनान्सच्या मास्टर्सला परदेशात अर्ज टाकतोय, तर एक कार्यकर्ता चहा खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे भांडवलदारांची मुनीमगिरी करायला लंडनला जाणार? समाजशास्त्र कर, कायदा कर. पैशाचं शास्त्र शिकून तू काय बॉम्ब बनवणार?"

त्याला मी विचारलं, बाबासाहेबांनी कोलंबियात एमएला कशावर प्रबंध लिहिला, ठाऊक आहे काय? गप्प. फोटोला हार घालतात, पुस्तकाला नाही. १९१५ साली बाबासाहेबांनी एमएसाठी लिहिलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या वित्तव्यवस्थेवर. कोलंबियातला पीएचडीचा प्रबंध पुढे १९२५ साली पुस्तक होऊन आला, तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. लंडनच्या डीएस्सीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर, १९२३. हिल्टन यंग कमिशनपुढे चलनावर साक्ष दिली. म्हंजे आपला बाप परदेशात गेला तो पैसा कुठनं येतो, कुठं जातो, कुणाच्या खिशात मुरतो हे शिकायला गेला होता. जातीचा हिशेब मांडणारा माणूस आधी रुपयाचा हिशेब शिकला. आणि आपण म्हणतो, फायनान्स बनियाचं काम!

बजेट कोण वाचतं आपल्यात? अनुसूचित जातींसाठी वेगळा ठेवलेला पैसा दर वर्षी इकडनं तिकडं होतो. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यानंच ओरड केली. मंत्र्यानं! आपण कुठं होतो? आपण मोर्चाची परवानगी काढत होतो. मोर्चा काढावाच, पण कुठल्या हेडखालचा पैसा कुठल्या हेडखाली गेला हे बजेटच्या पुस्तकात बोट ठेवून दाखवणारी दहा पोरं चळवळीत नसतील, तर मोर्चात घोषणा कसली द्यायची? म्हणून मला हे शास्त्र पाहिजे. बँकेत बसायचं असेल तर बँकेतही बसेन. तिथंही आपला माणूस नाहीच आहे.

आता ज्याला ६ च्या, साडेसहाच्या आकड्यावर अर्ज टाकायचाय त्यानं नीट ऐकावं. मी पाच अर्ज टाकले. तीन नकार, एक अजून लोंबकळतंय, एक होकार. त्यातनं जे शिकलो ते सांगतो. एजंट हे सांगणार नाही.

पहिली गोष्ट, आपला आकडा आपण मोडायचा नाही. दहाचे चार करायचे म्हणून ६.४ ला ०.४ नं गुणून २.५६ लिहिणारी पोरं मी बघितलीत. अरे, कुणी सांगितलं? आपल्याकडचे ६० मार्क आणि अमेरिकेतले ६० मार्क एक नाहीत, तिकडचे तपासणारे हे जाणून असतात. आपल्याकडे शंभरातले साठ म्हणजे फर्स्ट क्लास, तिकडे साठ म्हणजे जेमतेम. १० पैकी ६.४ असं जसंच्या तसं लिही. बदलायचं असेल तर ते बदलतील, किंवा मार्क बदलून देणाऱ्या संस्थेकडनं करून मागतील. स्वतःच्या हातानं स्वतःला खाली उतरवायचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या केलंय, फॉर्मवर तरी नको.

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिकडे उघड सूत्र आहे, बव्हेरियन म्हणतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासापुरते यांच्यातल्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं, एक मिळवायचा. माझं बघ. १० वजा ६.४ म्हणजे ३.६. पास ४ ला, म्हणून खाली ६. भागाकार ०.६, तिप्पट १.८, अधिक एक, झाले २.८. तिकडे १ उत्तम आणि ४ काठावर पास. पुष्कळ मास्टर्सला २.५ किंवा त्याहून चांगला आकडा मागतात. म्हणजे तिथं मी थोडक्यात बाहेर. वाईट वाटलं, पण सूत्र भिंतीवर लिहिलेलं होतं. तोंड बघून ठरवलं नाही. आणि तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे ध्यानात ठेव. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात परदेशी पोरांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतात, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता घेतं. जगण्याचा वर्षाचा पैसा मात्र आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो, आणि भारतातल्या पोरांना कागद तपासून घेतल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट लागतं. फी माफ, पण हातात दहा-बारा लाख दाखव! गरिबाला फुकट जेवण आहे, फक्त त्यानं घरनं चांदीचं ताट आणायचं.

इंग्लंडात तीन वर्षांची डिग्री चालते. अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळ ठिकाणी चार वर्षांची मागतात, तेव्हा फी भरण्याआधी विचारून घे. इंग्लंडात भारतीय डिग्रीला किती टक्के पाहिजेत ते विद्यापीठागणिक वेगळं. वरच्या ठिकाणी ६०, ६५, त्याहूनही वर. काही ठिकाणी आपण कुठल्या विद्यापीठातनं आलो त्यावर आकडा हलतो. तिकडेही उतरंड आहे, कुणी साधू बसलेला नाही. पण एक फरक मला दिसला. तिथं सगळी फाइल एक माणूस वाचतो. मार्क, परीक्षा, नोकरी, पत्रं, आपण काय लिहिलं ते. आकडा कमी दिसला की दुसऱ्या कागदाकडे वळतो, निदान वळू शकतो.

तो दुसरा कागद काय असावा? फायनान्सवाल्यांना एकच भीती असते, हा पोरगा गणितात बुडेल. एकूण मार्कांपेक्षा स्टॅटिस्टिक्सला किती, गणिताला किती, हे ते बघतात. माझे तिथं बरे होते. ज्याचे बरे नाहीत त्यानं जीआरई नायतर जीमॅट द्यावी. कॉलेजच्या मार्कशीटवर बापाची गेलेली नोकरी उमटते, या परीक्षेवर उमटत नाही. आणि आपल्या पोरांना कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: जीआरईचं गणित शाळेतलं आहे. अंकगणित, बीजगणित, भूमिती, तक्ते वाचणं. कॅल्क्युलस नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत दहावीला ज्यानं भूमितीचे रायडर सोडवलेत, त्याला घाबरायचं कारण नाही. १३० ते १७० मध्ये मार्क देतात. इंग्रजीचा भाग आपल्याला चावतो, तिथं थोडं कमी पडलं तरी फायनान्सवाल्यांची नजर गणिताच्या आकड्यावर असते. मार्क पाच वर्षं चालतात. फी मात्र वीस हजारांच्या वर. तेवढ्यात आमचं घर महिना काढतं. म्हणून ही परीक्षाही समतेची देवी वगैरे नाही. पण निदान एकदाच पैसे मागते आणि आडनाव विचारत नाही.

त्याशिवाय एनपीटीईएल. आयआयटीच्या मास्तरांची व्याख्यानं, फुकट. परीक्षा द्यायची तर हजारभर रुपये. प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जेब्रा, इकॉनोमेट्रिक्स, जे कॉलेजात हुकलं ते इथं करता येतं आणि सर्टिफिकेटही मिळतं. मी लोकलमध्ये, उभ्यानं, मोबाइलवर केलं. कुणी सीएफएची पहिली लेव्हल करतो. तीही चांगली, पण तिची फी डॉलरमध्ये. गरजूंना फीत सवलत देतात, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

पत्रांचं असं झालं. मी कॉलेजात सरांकडे शिफारसपत्र मागायला गेलो. त्यांनी रोल नंबर विचारला. १२० पोरांच्या वर्गात त्यांनी मला कुठनं ओळखावं? त्यांनी नमुना काढला, 'मेहनती आणि नम्र' लिहिला, सही ठोकली. नम्र! मी उभ्या जन्मात नम्र नव्हतो. मग आमच्या सीएकडे गेलो. म्हातारा सहा वर्षांत माझ्याशी हिशेबापलीकडं बोलला नव्हता. त्यानं त्याच्या मोडक्या इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या. या मुलानं जीएसटीच्या पहिल्या वर्षी चाळीस गिऱ्हाइकांचं काम बघितलं. माझ्याकडून जे रिटर्न उशिरा गेले, त्यातलं एकही याचं नव्हतं. त्याच्याइतकी आकड्यांची जाण माझ्या ऑफिसात कुणाला नाही. खाली फोन नंबर, फोन करा म्हणून. जिथनं होकार आला, त्यांनी खरंच फोन केला होता.

आता निवेदन, ज्याला एसओपी म्हणतात. मी आधी चार पानं रडलो. चाळ, नळ, बाप, आई, भिंत, ओल. आपल्यातली एक ताई तिकडनं शिकून आलीय, तिला दाखवलं. तिनं लाल पेन फिरवला आणि म्हणाली, "तू कीव विकतोयस. तिथं कीव विकत घेणारे पुष्कळ आहेत, पण ते शेजारच्या खात्यात बसतात. फायनान्सवाल्यांना व्यवहार सांग." चार पानांच्या दोन ओळी झाल्या. जुलै २०१७ पासून मी आठवड्याला पन्नास तास काम करून शिकलो. त्या सेमिस्टरला एका विषयात नापास झालो, पुढच्या प्रयत्नात सुटलो. त्या काळात केलेलं काम असं असं. बस. मग पुढं तीन परिच्छेद, मला काय शिकायचंय आणि कशासाठी. राज्याच्या बजेटात वंचितांच्या नावानं ठेवलेला पैसा कसा मोजावा, कसा पाळत ठेवावा, हे. जात लिहायची की नाही, असं पोरं विचारतात. माझं मत: कामाच्या ओघात आली तर ताठ मानेनं लिही, गळ म्हणून लावू नको.

इथपर्यंत सगळं आपल्या हातातलं. आता जे आपल्या हातातलं नाही त्याकडे येतो. खरा माल इथं आहे.

होकार आला म्हणजे काय आलं? एक कागद आला. इंग्लंडच्या व्हिसाला फी सोडून नऊ महिन्यांचा जगण्याचा पैसा खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. कर्ज मागायला गेलो तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आमची भाडेपावतीची खोली. मॅनेजरनं पावती बघितली आणि चष्मा पुसला. मग राहिली शिष्यवृत्ती. या शिष्यवृत्त्या सरकार उपकार म्हणून देत नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं कर.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. १९५४ पासनं चालू. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक यादीत पहिल्या पाचशेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ७५ जागा, विद्यापीठ पहिल्या दोनशेत. २०२४ साली राज्यानं वर ७५ टक्के गुणांची अट घालून बघितली. पोरांनी बोंब मारली, तेव्हा मागे घ्यावी लागली.

आता गणित कर. माझी गोष्ट सांगत नाही, गणित सांगतोय. समज, एक पोरगा ५७ टक्केवाला. केंद्राच्या दारात तीन टक्क्यांनी बाहेर. त्याला होकार कुठला येणार? दोनशेच्या वरचीच विद्यापीठं ५७ ला घेतील, पहिल्या दोनशेतली क्वचित. म्हणजे राज्याच्या दारातही बाहेर. एका गाळणीत मार्क अडकले, दुसरीत रँक अडकली. जगातलं एक विद्यापीठ सगळी फाइल वाचून म्हणतंय, ये, आम्ही शिकवतो. आणि ज्या सरकारनं त्याच्या बापजाद्यांना शाळेबाहेर बसवलं त्याची भरपाई करायची योजना काढली, ते सरकार म्हणतंय, तुझे तीन टक्के कमी आहेत. विद्यापीठापेक्षा सचिवालयाला जास्त कळतं काय, फायनान्स कुणाला जमेल ते?

आणि ती क्यूएसची यादी! फायनान्सच्या मास्टर्सला ज्यांचं नाव जगात पहिल्या ओळीत घेतात, त्या पॅरिसच्या एचईसीचं नाव त्या सर्वसाधारण यादीत सापडत नाही. कारण ती यादी अनेक शाखांच्या विद्यापीठांची आहे, एकाच विषयाच्या संस्थांची नाही. वैद्यकीपासून वाङ्मयापर्यंत सगळ्याची खिचडी करून लावलेला नंबर फायनान्सच्या वर्गाबद्दल काय सांगणार? विषयवार याद्या आहेत, त्या बघा ना. पण बाबूला एक आकडा हवा असतो. एक पोराच्या कपाळावर, एक विद्यापीठाच्या. दोन्ही जुळले की सही.

तेही जुळलं समज. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या योजनेत १०६ जण निवडले गेले आणि सुरुवातीला पत्रं गेली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, पैसा उपलब्ध असेल तर. ६० टक्के मिळवले, पाचशेतलं विद्यापीठ मिळवलं, यादीत नाव लागलं, आणि मग सरकारच्या खिशात हात गेला तर खिसा फाटका. मार्कांची अट कुणाला गाळायला आहे, हे इथं उघडं पडतं. पैसे द्यायचे नसले की गुणवत्ता आठवते.

म्हणून मी पुन्हा बाबासाहेबांकडे जातो, हार घालायला नाही, हिशेब तपासायला. १९०७ साली मॅट्रिक. ७५० पैकी २८२. म्हणजे ३७.६ टक्के. तेव्हाचा पेपर वेगळा, तपासणी वेगळी, ३७.६ ला आजच्या ३७.६ शेजारी ठेवता येत नाही, हे मला कळतं. पण गाळणीला कळत नाही. १९१२ साली बीए आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षांची, बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. राजा होता, सरंजामदार होता, पण त्यानं माणूस बघून पैसा दिला. मुदत संपली तेव्हा १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. तेव्हाही मेंदू कमी पडला नव्हता, पैसा कमी पडला होता. १९२० साली परत गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडनं उसने घेऊन. आज राज्याच्या योजनेला त्याच शाहूंचं नाव आहे. महाराजांनी मार्कशीट मागितली होती काय?

आम्ही काही जण एक निवेदन तयार करतोय. मागण्या साध्या आहेत. ज्याच्या हातात मान्य विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र आहे त्याला पुन्हा टक्क्यांची अट लावू नका. प्रवेश देणाऱ्यानं पारखलंय, तुम्ही उत्पन्न बघा. रँक बघायचीच तर विषयाची बघा. जेवढ्या जागा जाहीर कराल तेवढा पैसा आधी बाजूला ठेवा. आणि पत्रं जूनपर्यंत द्या, सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. निवेदनाला आकड्यांची जोड पाहिजे. तुला नकार कुठल्या अटीवर आला, किती टक्के होते, होकार कुठला होता, हे लिहून पाठव. नाव नाही लिहिलंस तरी चालेल. शंभर नकारांचा तक्ता झाला की तो विधानसभेत फडकवायला कुणीतरी सापडेल, नाही सापडलं तर कोर्टात लावू.

माझा होकार एक वर्ष पुढं ढकलून मिळालाय. डिपॉझिटचे पैसे जमवतोय. मधल्या काळात जीआरई एकदा देऊन झाली, गणितात १६३ आले, आणखी वर जाता येईल म्हणून परत बसणार आहे.

दर रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही वस्तीतल्या विहारात अर्ज भरायला बसतो. सध्या सात जण आहोत, चार मुली, तीन पोरं. ताई येते, लाल पेन घेऊन. येशील तर मार्कशीट आण, केटीचीही आण. ती ट्रान्सक्रिप्टवर येतेच, लपत नाही. आणि चार्जरबरोबर एक्स्टेंशन बोर्ड आण, विहारात एकच सॉकेट चालू आहे.